वाजिब-उल-अर्ज आणि आमच्या गल्लीतली पावलं

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मोहल्ल्यातली एक गल्ली बंद झाली. गल्ली कसली, दोन घरांच्या मधून जाणारी वाट. समोरून डोक्यावर टोपली घेतलेली बाई आली तर दुसरीनं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एवढीच रुंदी. भंडारा शहराच्या जुन्या भागात अशा वाटा पुष्कळ आहेत. त्यांना नाव नसतं, पाटी नसते. एका सकाळी तिथं विटा आल्या, दुपारपर्यंत भिंत कमरेइतकी झाली आणि संध्याकाळी बीड्या मोजून देऊन परतणाऱ्या बायका भिंतीपुढं थबकल्या.

जागेचा मालक परका नव्हता. आमच्याच जमातीतला, हज करून आलेला, अडीअडचणीला धावून जाणारा माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं. जागा माझी, कागद माझा, मुलाचं लग्न आहे, खोली वाढवायची आहे. इशाच्या नमाजनंतर मोहल्ल्यातली पुरुष मंडळी बसली. मीही होतो. कुणीतरी विचारलं, "या वाटेनं जातं तरी कोण?" सगळ्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, कुणी नाही. मीही मान डोलावली. मला खरोखरच तिथून जाणारं कुणी आठवत नव्हतं. आम्ही सगळे मोठ्या रस्त्यानं जातो.

घरी येऊन अम्मीला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोई नहीं जाता? तो चालीस बरस से मैं किधर से गई, आसमान से?"

हा लेख त्या प्रश्नातून सुरू झाला.

मामू, मोजून बघू

दुसऱ्या दिवशी एका कार्यालयात चौकशी केली. तिथल्या माणसानं नकाशा काढून दाखवला. वाट नव्हती. दोन मालमत्तांमधली रेषा तेवढी होती. तो सभ्यपणे म्हणाला, "लोक इथून चालतात असं तुमचं म्हणणं आहे. पण चालतात याला पुरावा काय?"

चालण्याला पुरावा काय असतो? मातीत पाऊल उमटतं, पण आमच्या गल्लीत फरशी आहे. विजेचं बिल येतं, पाण्याचं येतं, चालण्याचं येत नाही. गाडी चालवणाऱ्याकडे परवाना असतो, टोलची पावती असते. पायी जाणारा मागे काहीच ठेवत नाही.

माझी भाची नागपूरला बी.एस्सी. करते, ती तेव्हा सुट्टीवर आली होती. ती म्हणाली, "मामू, मोजून बघू." तिच्या कॉलेजात पक्षीगणनेत मुलं भाग घेतात. तिनं सांगितलं की याला नागरिक विज्ञान म्हणतात. शास्त्राची पदवी नसलेल्या माणसांनी ठरलेल्या रीतीनं निरीक्षण करायचं, नोंद ठेवायची आणि त्या नोंदी एकत्र करून प्रश्नाचं उत्तर शोधायचं. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये ॲलन आयर्विन आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेतले रिक बॉनी यांनी हा शब्द वेगवेगळ्या अर्थच्छटांनी रूढ केला. बॉनींचा भर लोकांनी शास्त्रासाठी माहिती गोळा करण्यावर होता. आयर्विन यांचा मुद्दा वेगळा होता. लोकांकडे स्वतःचं ज्ञान असतं आणि शास्त्रानं ते ऐकलं पाहिजे, असं ते म्हणत होते. आमच्या गल्लीला दोन्ही हवं होतं.

जगात चालणाऱ्यांचा असा अभ्यास पूर्वीही झाला आहे. विल्यम व्हाइट यांनी १९७० नंतर न्यूयॉर्कमध्ये तरुण सहकाऱ्यांना घेऊन कॅमेरे लावले आणि माणसं चौकात, फुटपाथवर नेमकी कशी वावरतात ते बघितलं. त्यांना दिसलेली एक गोष्ट मला फार आवडते. रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं की लोक बाजूला होऊन बोलत नाहीत, वर्दळीच्या मधोमध उभं राहूनच बोलतात. हे सांगायला न्यूयॉर्क कशाला हवं, आमच्या अम्मीला विचारलं असतं तरी चाललं असतं. पण व्हाइट यांनी ते मोजलं होतं. अम्मीनं नव्हतं.

या जिल्ह्याला हे नवं नाही

भंडारा हा तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला, तोवर नवेगावबांधपासून पवनीपर्यंतचा सगळा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. कोहळी समाजानं बांधलेले तलाव, त्यांवरची ढिवर समाजाची मासेमारी आणि त्या पाण्यावरचा धान, अशी इथली रीत. मालगुजारी गेली तशी तलावांची जुनी व्यवस्थाही ढिली झाली. अशा तलावांवर मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं गेली अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. तलावातल्या वनस्पती कोणत्या, कोणता मासा कुठं अंडी घालतो, पाणी कधी उतरतं, हे त्यांनी बाहेरून येऊन सांगितलं नाही. ढिवर बायका-पुरुषांसोबत बसून ते शोधलं आणि मग त्याच ज्ञानाच्या आधारानं तलावात पुन्हा देशी वनस्पती लावल्या.

सारस पक्ष्याचीही तीच गोष्ट. गोंदिया, भंडारा आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात सारसांची गणना होते, ती शेतकऱ्यांच्या मदतीनं. बांधावर घरटं कुठं आहे, जोडी कोणत्या वावरात उतरते, हे शेतकऱ्यालाच ठाऊक असतं.

म्हणजे मासा मोजला गेला, सारस मोजला गेला. पायी चालणारी बाई मात्र मोजायची राहिली. निदान मला तसं वाटत होतं. पुढं कळलं की तिचाही एक जुना कागद आहे आणि त्याचं नाव आपल्या ओळखीच्या भाषेत आहे.

वाजवी आणि अर्ज

आमच्या ओळखीचे एक निवृत्त तलाठी आहेत. भिंतीची हकीकत ऐकून ते म्हणाले, "खेड्यातली वाट असती तर मी वाजिब-उल-अर्ज काढायला सांगितलं असतं." माझे कान टवकारले. मराठी महसुलात हा शब्द?

वाजिब आणि अर्ज, दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे आले. आपण रोज मराठीत 'वाजवी' म्हणतो, 'अर्ज' करतो, ते हेच. वाजिब-उल-अर्ज म्हणजे जे सांगणं रास्त आहे ते निवेदन. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात जमाबंदी झाली, मालगुजारांना गावं दिली गेली, तेव्हा प्रत्येक गावच्या रूढी या नावाच्या कागदात लिहून घेतल्या जात. भंडारा त्या मध्य प्रांतात होता. पुणे-साताऱ्याकडच्या रयतवारीत कुळकर्ण्याचं दप्तर होतं, पण हा कागद तिकडच्या वाचकांना सहसा माहीत नसतो.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली, १९५६ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तरी कागद टिकला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भासाठी काही खास कलमं आहेत. कलम १६१ निस्तार पत्रकाचं. गावच्या पडीक जमिनीवर चराई, सरपण, माती यांची व्यवस्था कशी असेल ते त्यात लिहायचं आणि पक्कं करण्याआधी गावकऱ्यांची इच्छा विचारायची. कलम १६५ वाजिब-उल-अर्जचं. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमिनीवर आणि पाण्यावर गावात पाणी घेण्याचा, जाण्या-येण्याचा आणि मासे धरण्याचा रिवाज काय आहे, हे जिल्हाधिकाऱ्यानं शोधून नोंदवायचं. नोंद ज्याला मान्य नसेल त्यानं एका वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात जायचं. नाही गेला तर नोंद अंतिम.

हे कलम पुन्हा वाचा. 'जाण्या-येण्याचा रिवाज.' रस्ता कुणी बांधला, डांबर कुणी टाकलं, हे यात विचारलेलं नाही. लोक कुठून चालत आले आहेत, एवढंच विचारलं आहे. आणि ते सांगणार कोण? चालणारेच. तलावाच्या पाळीवरून, दुसऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावरून, पांदणीतून जी पावलं पिढ्यान्पिढ्या गेली, त्यांच्या आठवणीला कायद्यानं कागदाचा दर्जा दिला. नागरिक विज्ञान हा शब्द जन्माला येण्याच्या शंभर वर्षं आधी या मुलखात लोकांच्या चालण्याची नोंद ठेवण्याची सोय होती.

मात्र तिच्यात एक उणीव होती. अशी विचारपूस गावच्या बैठकीत होते आणि बैठकीत कोण बसतं हे सांगायला नको. मालगुजार, पाटील, कारभारी. विहिरीवर जाणारी, सरपण आणणारी, बीड्या पोचवणारी बाई तिथं नसते. इशानंतरच्या आमच्या बैठकीतही नव्हती.

पायी चालणारे आणि नाव लागणारे

पावलांनी जमीन मोजण्याचा इतिहास मोठा आहे आणि त्यात आपली माणसं आहेत. नवव्या शतकात खलिफा मामूनच्या आज्ञेवरून विद्वानांच्या दोन तुकड्या सिंजारच्या मैदानात उतरल्या. एक उत्तरेला निघाली, एक दक्षिणेला. ध्रुवताऱ्याची उंची एका अंशानं बदलेपर्यंत दोरी आणि खुंट्यांनी अंतर मोजत त्या चालत राहिल्या. पृथ्वीचा घेर काढण्यासाठी माणसं चक्क चालली.

हजार वर्षांनी ब्रिटिशांना तिबेट आणि मध्य आशियाचा नकाशा हवा होता. गोऱ्या माणसाला तिकडे प्रवेश नव्हता. तेव्हा सर्वेक्षण खात्यातल्या माँटगोमेरी नावाच्या अधिकाऱ्यानं हिंदुस्थानी माणसं तयार केली. त्यांना ठरावीक लांबीचं पाऊल टाकायला शिकवलं. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवले, दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. यातले नैनसिंह रावत प्रसिद्ध झाले, त्यांना लंडनच्या भूगोल संस्थेचं सुवर्णपदकही मिळालं. पण त्यांच्याही आधी, १८६३ मध्ये, अब्दुल हमीद नावाचा मुन्शी लडाखमार्गे यारकंदला पाठवला गेला होता. तो तिथं हिवाळाभर राहिला, जागेचं अक्षांश काढलं, हवामानाच्या नोंदी ठेवल्या. परतताना वाटेतच वारला. त्याच्या नोंदी मात्र सापडल्या आणि यारकंद नकाशावर आपल्या खऱ्या जागी आलं. अब्दुल हमीदचं नाव आज किती जणांना माहीत आहे? चालणारा एक असतो आणि नकाशावर नाव दुसऱ्याचं लागतं.

याच्या उलट उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबींचं. व्यवसायानं गणिती, इतिहासाची पदवी नाही. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर ते पायी हिंडत. आदिमानवाची बारीक दगडी हत्यारं त्यांना या भटकंतीत सापडली. वाटेत भेटणाऱ्या धनगराला, शेतकऱ्याला, बाईला ते विचारत, हा शेंदूर लावलेला दगड कोणत्या देवीचा, इथं कोण येतं, कधी येतं? 'मिथ अँड रिॲलिटी' या १९६२ सालच्या पुस्तकात त्यांनी मांडलं की मातृदेवतांची अनेक ठाणी जुन्या वाटा जिथं एकमेकींना छेदत होत्या तिथं आहेत. दगडही सुट्टा नव्हता आणि देवीही नव्हती, त्यांच्यामागं चालणारी माणसं होती. ज्या लोकांनी काही लिहून ठेवलं नाही, त्यांचा इतिहास त्यांच्या वाटांवर शोधावा लागतो, हे मी कोसंबींकडून घेतलं.

आणि वाट हरवली की काय होतं, हे या जिल्ह्याला नव्यानं शिकवायला नको. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. वैनगंगेकाठची कितीतरी गावं उठली. पुनर्वसनात घर मोजलं जातं, शेत मोजलं जातं, झाडं मोजली जातात. माहेरी जायची पायवाट, पलीकडच्या बाजाराची वाट, कब्रस्तानाची, मसणवट्याची वाट मोजली जात नाही. ती पाण्याखाली जाते आणि तिचा मोबदला कुठल्याच रकान्यात येत नाही.

आमची मोजणी

भाचीनं मोहल्ल्यातल्या सहा-सात मुली जमवल्या. रीत साधी ठेवली. भिंतीजवळच्या एका ओट्यावर दोघींनी बसायचं. वेळ ठरलेली, पहाटे, शाळेच्या वेळी, दुपारी, मगरिबच्या आधी. माणूस आलं की रेघ मारायची, पाचवी रेघ आडवी. बाई की पुरुष, मूल की म्हातारं, डोक्यावर-हातात ओझं आहे का, आणि भिंत बघून परत फिरलं की ओलांडून गेलं. हो, ओलांडून. भिंत कमरेइतकीच होती, पुढचं काम थांबलं होतं, आणि बायका साडी सावरून, बुरखा गुंडाळून ती ओलांडत होत्या.

आधी मोबाइलच्या ॲपवर रस्ता उमटवायचा प्रयत्न केला. अरुंद गल्लीत ते नीट चालत नाही, भिंतींमुळे ठिपका भरकटतो. पहिल्याच दिवशी अम्मीची वाट हाजीसाहेबांच्या स्वयंपाकघरातून गेलेली दिसली. मुली खूप हसल्या. मग वही-पेन्सिलच बरी ठरली.

दुसरी अडचण हसण्यासारखी नव्हती. वही बघून बायका बिचकल्या. एकीनं विचारलं, "कागज़ का काम है क्या?" २०१९-२०च्या त्या हिवाळ्यानंतर आमच्याकडे वही घेऊन बसलेल्या माणसाची भीती वाटते. ती भीती खोटी नाही. कोण कुठून कधी जातं ही माहिती वाईट हातात गेली तर तिचा पहारा होतो. म्हणून मुलींनी ठरवलं, नाव लिहायचं नाही, घर लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही. रेघेला नाव नसतं. आणि वही मोहल्ल्याबाहेर न्यायची असेल तर आधी बायकांना विचारायचं. त्यांनी तसं सांगितलं आहे, म्हणून आकडे मी इथं देत नाही. काय दिसलं तेवढं सांगतो.

पहाटे फजरला एक अंध बुजुर्ग त्या गल्लीतून मशिदीत येतात. भिंतीला हात लावत लावत. मोठ्या रस्त्यावर त्यांना हात लावायला भिंत नाही. आम्ही त्यांच्याच शेजारी सफमध्ये उभे राहतो आणि ते कुठून येतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मग उर्दू शाळेची लहान मुलं. मग सट्टेदाराकडे बीड्या पोचवणाऱ्या बायका. मग मासळीची टोपली घेतलेल्या ढिवरीण काकू, पलीकडच्या आळीतल्या कोष्टी घरांतल्या बायका, दवाखान्यात निघालेल्या दोन गरोदर मुली. गल्ली फक्त आमची नव्हती. भिंत झाली तेव्हा मोबाइलवर काहींनी लगेच याला हिंदू-मुसलमान रंग द्यायला सुरुवात केली होती. वहीत मात्र मालक मुसलमान आणि अडलेल्यांत दोन्हीकडच्या बायका. तो रंग त्या वहीवर टिकला नाही.

मोठ्या रस्त्यानं का जात नाही, असं मुलींनी प्रत्येकीला विचारलं. अंतर वाढतं, हे उत्तर होतंच. पण त्याआधी दुसरं उत्तर यायचं. कोपऱ्यावर पानठेला आहे. तिथं पोरं बसतात, बघतात, काही बोलत नाहीत, नुसती बघतात. एक काकू म्हणाल्या, "कोणी काई म्हणत नाई बाप्पा, पण पाठीवर डोळे घेऊन कोण चालन?" त्या पानठेल्यावर मीही रोज संध्याकाळी उभा असतो. मी तिथं गप्पा मारतो. मला ती जागा मोहल्ल्यातली सगळ्यात निवांत जागा वाटत होती.

वीस वर्षांचा हिशेब

ओळखीच्या वकिलांनी कायदा सांगितला. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ सालचा. गंमत म्हणजे तो सुरुवातीला मद्रास, कुर्ग आणि मध्य प्रांताला लागू होता, मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये मिळाला. म्हणजे या बाबतीत भंडारा पुण्याच्या नऊ वर्षं पुढं. कलम १५ सांगतं की दुसऱ्याच्या जमिनीवरून कुणी वीस वर्षं शांतपणे, उघडपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून जात असेल, तर जाण्याचा अधिकार पक्का होतो. जमीन सरकारी असेल तर वीसच्या जागी तीस वर्षं.

वीस वर्षं कशी सिद्ध करायची? मुलींनी म्हाताऱ्यांना साल विचारलं नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही पहिल्यांदा इथून आलात तेव्हा काय चाललं होतं? एक काकू म्हणाल्या, "राजीव गांधी आले होते धरणाले, तवा मी नवी नवरी." अम्मीला माझ्या मोठ्या बहिणीचा पाळणा आठवला. कुणाला गोंदिया वेगळा झाला ते साल, कुणाला बाबरीनंतरचे बंद दरवाजे, जेव्हा मोठ्या रस्त्यानं जायची हिंमत नव्हती आणि या गल्लीतून पलीकडच्या काकूंनी दूध आणून दिलं होतं. वीस वर्षांचा हिशेब मागितला होता, बायकांनी आयुष्य मांडलं.

आम्ही हाजीसाहेबांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली. रेघा बघितल्या. अम्मी सोबत होती. तिनं एकच गोष्ट सांगितली. हाजीसाहेबांची मरहूम आई बीड्या घेऊन याच वाटेनं जायची, अम्मी लग्न होऊन आली तेव्हा तिनंच ही वाट दाखवली होती. ते बराच वेळ गप्प होते.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हीदेखील नेकी आहे, हे आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात सोडावेत, अशीही एक हदीस आहे आणि मुस्लीम शहरांच्या रचनेवर तिचा मोठा परिणाम झाला. ती मी हाजीसाहेबांना ऐकवली. ते म्हणाले, "सात हात सोडले तर माझी खोली गेली. आणि हात कुणाचा धरायचा?" अम्मीनं आपला बारीक हात पुढं केला. "मेरा. और सात नहीं, तीन बस हैं."

दुसऱ्या दिवशी भिंतीच्या मधल्या विटा निघाल्या. आता तिथं लोखंडी फाटक आहे, फजरपासून इशापर्यंत उघडं.

इथं लेख संपवता आला असता. पण वकिलांनी आमच्या आनंदावर पाणी ओतलं. ते म्हणाले, फाटक म्हणजे परवानगी. परवानगीनं चाललेली वर्षं हक्काच्या हिशेबात धरत नाहीत. आज हाजीसाहेब आहेत, उद्या मुलगा जागा विकेल, नवा मालक कुलूप लावेल आणि म्हणेल, ही तर मेहेरबानी होती.

म्हणून आम्ही एक कागद केला आहे. त्यात 'मी वाट देत आहे' असं लिहिलेलं नाही. 'ही वाट आधीपासून आहे' असं लिहिलं आहे. दोन वाक्यांत फरक तेवढाच. पहिल्यात देणारा मोठा होतो, दुसऱ्यात चालणारीचं चालणं मोजलं जातं. मला वाटतं वाजिब-उल-अर्जचा मूळ अर्थ हाच असावा. जे रास्त आहे ते सांगणं, मेहेरबानी मागणं नव्हे.

कागद अजून हाजीसाहेबांच्या कपाटात आहे. सही झालेली नाही. मुलगा तयार नाही असं ऐकतो. त्यांच्यावर माझा राग नाही. स्वतःच्या जागेत दुसऱ्याचा हक्क लिहून देणं सोपं नसतं.

वाचकहो, तुमच्याही मोहल्ल्यात, आळीत, टोलीवर अशी एखादी वाट असेल. ती बंद व्हायच्या आधी एक वही घ्या. पुरुषांनी पुरुषांना विचारू नये, एवढं मात्र सांभाळा. आमच्याकडे मुली अजून रविवारी ओट्यावर बसतात. गेल्या रविवारी वहीत पुरुषांच्या रकान्यात एक नवी रेघ होती. ती माझी आहे. पानठेला सोडून मी आता त्या गल्लीतून घरी येतो आणि समोरून कुणी आलं की भिंतीला पाठ लावून उभा राहतो.